मदत हवी आहे: निओडिमियम क्लोराईडचा रंग बदलतोय, भेसळ आहे का?

प्रयोगवेडा:
एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी निओडिमियम क्लोराईड (चुंबकात वापरतात त्या धातूचा क्षार) मागवलं. गेटवर कुरियर घेतलं तेव्हा मस्त जांभळट गुलाबी. लॅबमध्ये वॉचग्लासवर काढलं तर फिकट हिरवट! वर त्याच्या द्रावणाचं कॉन्सन्ट्रेशनही दरवेळी कमी भरतंय. सप्लायर म्हणतो माल ओके. सोमवारी सरांना रीडिंग दाखवायचीत. परत करू का?

अंबडकर:
कमी म्हणजे किती? निर्जल की हायड्रेट, म्हणजे स्फटिकात पाणी बांधलेला? लेबल वाचा आधी.

गोदाकाठ:
रंगाचं सोडा, लॅबमध्ये ट्यूबलाईट असणार. निओडिमियम ५८० नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा पट्टा शोषतं आणि ट्यूबच्या उजेडात मोजकेच रंग ठळक असतात. खिडकीत नेऊन बघा. काचकाम करणारे डिडिमियमचे, म्हणजे निओडिमियम असलेल्या काचेचे, चष्मे घालतात, त्यातही हेच. ज्योतीतला सोडियमचा पिवळा झगझगाट त्याने मरतो.

बागायतदार_पिंपळगाव:
हे द्राक्षाला चालतं का? माझी कॅल्शियम क्लोराईडची गोणी पाणी सुटून दगड झालीय.

अंबडकर:
प्रयोगवेडा, तुमच्या क्लोराईडने पाणीच धरलं असेल. ओव्हनला २०० डिग्रीवर ठेवा, विषय संपला.

गोदाकाठ:
अजिबात नको! हवेत तसंच तापवलं तर पाण्यासोबत हायड्रोजन क्लोराईडही निघून जातो, मागे ऑक्सिक्लोराईड उरतं. ते पाण्यात विरघळत नाही, द्रावण गढूळ होईल. अमोनियम क्लोराईड मिसळून तापवतात ते उगाच नाही.

अंबडकर:
आमच्या प्लँटमध्ये सर्रास वाळवतो.

गोदाकाठ:
साधं मीठ वाळवत असाल.

ईव्हीवाला:
चीनने बंदी घातलीय ना निओडिमियमवर? स्कूटरची मोटर महागणार.

गोदाकाठ:
एप्रिल २०२५ च्या निर्यात निर्बंधांत डिस्प्रोशियम, टर्बियम वगैरे होते, निओडिमियम नव्हतं. वेगळा धागा काढा राव.

प्रयोगवेडा:
खिडकीत गुलाबीच दिसतंय. ०.१ मोलर करायला जातो, ०.०७ येतं. लेबलवर शेवटी सहा एच-टू-ओ आहे, त्याने काय बिघडतं?

अंबडकर:
अहो, पहिल्याच प्रतिसादात हेच विचारलं होतं! निर्जलचं मोलर वजन २५०.६ धरून तोललंत ना? हेक्साहायड्रेटला ३५८.७ धरा.

गोदाकाठ:
तरी आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघड्या बाटलीचा भरवसा नाही. ईडीटीएने (धातूला धरून ठेवणारं रसायन) टायट्रेट करा, खरं कॉन्सन्ट्रेशन कळेल. दर्शक म्हणून झायलेनॉल ऑरेंज, पीएच ५ ते ६, लालसर जांभळ्याचा पिवळा झाला की थांबा.

प्रयोगवेडा:
झायलेनॉल ऑरेंज संपलंय. एरिओक्रोम ब्लॅक टी आहे, चालेल?

गोदाकाठ:
त्याला पीएच १० लागतो, तिथे निओडिमियमचं हायड्रॉक्साईड तळाशी बसेल. नाशकात गंगापूर रोडवर एवढी कॉलेजं आहेत, चिमूटभर मागून आणा.