मदत हवी आहे : गाडलेल्या पीव्हीसी पाईपचं टोक कसं शोधावं?

राम राम मंडळी. यावल तालुक्यात आमचं केळीचं शेत आहे. विहिरीपासून वरच्या पट्टीपर्यंत वडिलांनी तीन इंची (90 मिमी) पीव्हीसी पाईपलाईन गाडली होती. वरची पट्टी बरीच वर्षं कोरडवाहूच राहिली, बांध सरकला, खुणेची बाभूळ तोडली गेली. वडील आता नाहीत. टोपण लावलेलं टोक नेमकं कुठंय, हे सांगणारं घरात कोणी उरलं नाही.

पाईप प्लास्टिकचा, त्यामुळे मेटल डिटेक्टर उपयोगाचा नाही. पाणी सोडून पाहिलं, लाईन भरते आणि दाब धरते. म्हणजे कुठं फुटलेली नाही, हे चांगलंच. पण त्यामुळे वर ओलही दिसत नाही. विहिरीकडून ठिबकची 16 मिमी नळी आत सारली. सरळ गेली, मग अडली. बहुतेक तिथं एल्बो आहे, आणि पुढं लाईन कोणत्या अंगाला वळली तेच कळत नाही.

ऐकलंय की पाईपात तार सारून तिच्यावर सिग्नल सोडतात आणि वरून यंत्राने माग काढतात. असं यंत्र जळगाव-भुसावळकडे भाड्याने मिळतं का? तार एल्बोतून वळते का, की आधी तिथं खणून पाईप कापावा लागेल? जेसीबी लावायची इच्छा नाही. काळ्या मातीत बकेट कधी पाईपला लागेल, सांगता येत नाही.

केळीची लागण जवळ आलीय. ज्यांनी अशी लाईन शोधलीय, त्यांनी कृपया सविस्तर सांगा.