मदत हवी: ब्रेक्झिटच्या वाटाघाटींचा वर्गातला सराव फारच सोपा होतोय, मांडणीत काय चुकतंय?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

एम.ए. राज्यशास्त्राच्या वर्गासाठी ब्रेक्झिटच्या (ब्रिटनचं युरोपीय संघातून बाहेर पडणं) वाटाघाटींचा सराव बसवला आहे. सध्याची मांडणी अशी: ३६ विद्यार्थी, दोन गट (ब्रिटन आणि युरोपीय संघ), वेळ दोन तास. विषय चार: आयात शुल्क, नागरिकांचे हक्क, देणी (ब्रिटनने संघाला द्यायचे पैसे) आणि आयर्लंडची सीमा (संघातलं आयर्लंड आणि ब्रिटनचं उत्तर आयर्लंड यांच्यातली). चारही एकदम टेबलावर.

अडचण ही की मुलं पाऊण तासात सह्या करून मोकळी होतात. 'शून्य शुल्क दोघांच्याही फायद्याचं' यावर लगेच एकमत. मग ब्रिटन देण्यांत थोडे पैसे वाढवून देतं, बदल्यात संघ सीमेवर थोडं सैल धरतो. प्रत्यक्षात २३ जून २०१६ च्या सार्वमतापासून २४ डिसेंबर २०२० च्या व्यापार करारापर्यंत साडेचार वर्षं गेली. मुलांना ती साडेचार वर्षं नेमकी कुठे गेली हे कळायला हवं.

तीन प्रश्न:
१. वेळेचा दबाव खरा वाटावा म्हणून घड्याळ कसं लावू?
२. सीमेचा प्रश्न मुलं 'कॅमेरे लावू, तंत्रज्ञान वापरू' म्हणून निकालात काढतात. याला पक्कं उत्तर काय?
३. शुल्क शून्य झाल्यावरही त्रास उरतो, हे आकड्यांत कसं दाखवू?

तळटीप

चूक 'चारही एकदम टेबलावर' इथेच आहे. युरोपीय संघाने २९ एप्रिल २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत क्रम ठरवून टाकला होता: आधी नागरिक, देणी आणि आयर्लंड. त्यांत 'पुरेशी प्रगती' झाली असं २७ देशांनी म्हटल्यावरच पुढच्या नात्याबद्दल बोलणं. ब्रिटनला दोन्ही समांतर हवं होतं, पण १९ जून २०१७ ला, बोलणी सुरू झाली त्याच दिवशी, त्यांनी हा क्रम मान्य केला. तुमची मुलं जो सौदा करतात (शुल्क, पैसे आणि सीमा एकाच टेबलावर तोलणं) तोच या क्रमाने अशक्य केला. शिवाय संघाच्या कराराच्या कलम ५० खाली (देशाने बाहेर पडण्याचं कलम) होतो तो फक्त बाहेर पडण्याचा करार. व्यापार करार वेगळ्या कायदेशीर पायावर, आणि तोही ब्रिटन बाहेर पडून परका देश झाल्यावरच. म्हणून वर्गातही दोन स्वतंत्र पाकिटं करा आणि दुसरं पाकीट बंद ठेवा.

आता घड्याळ. कलम ५० ची मुदत २ वर्षं, म्हणजे २४ महिने. एका महिन्याला ५ मिनिटं धरलीत की तुमचे दोन तास बरोबर जुळतात:

- पहिली १५ मिनिटं वाया. बाहेर पडण्याची नोटीस ब्रिटनने २९ मार्च २०१७ ला दिली, त्यानंतर ब्रिटनने मध्येच निवडणूक घेतली (८ जून), सरकारचं बहुमत गेलं आणि बोलणी १९ जूनला सुरू झाली.
- शेवटची २५ मिनिटं मंजुरीसाठी राखीव. युरोपीय संसद आणि ब्रिटिश संसद, दोन्हींची संमती लागते. म्हणून मजकूर ऑक्टोबर २०१८ पर्यंत तयार हवा, असं संघाचे मुख्य वाटाघाटीकार मिशेल बार्निए यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.
- उरली ८० मिनिटं. चर्चा एवढ्यातच.

पहिली १५ मिनिटं ब्रिटनच्या गटाला खरोखर बाहेर बसवा. संघाचा गट त्या वेळात आपली भूमिका पक्की करतो. प्रत्यक्षातही संघाने वाटाघाटींचे निर्देश २२ मे २०१७ ला मंजूर करून ठेवले होते.

दुसरी दुरुस्ती गटांची. दोन गट पुरत नाहीत, चार करा: ब्रिटनचे वाटाघाटीकार ६, युरोपीय आयोगाचे (संघाची कार्यकारी यंत्रणा) वाटाघाटीकार ५, सदस्य देश ९, ब्रिटिश संसद १६. बेरीज ३६. सदस्य देश ब्रिटनशी थेट बोलणार नाहीत, आयोगामार्फतच बोलतील. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या: आयर्लंडला सीमा, स्पेनला जिब्राल्टर (स्पेनला लागून असलेला ब्रिटनचा प्रदेश), फ्रान्स आणि डेन्मार्कला मासेमारी, पोलंडला ब्रिटनमधले आपले नागरिक, जर्मनीला एकल बाजारपेठेची (सगळ्या संघात एकच नियम, माल आणि माणसं मोकळी) अखंडता. करार मंजूर व्हायला ७२ टक्के देश आणि त्यांत ६५ टक्के लोकसंख्या लागते. लोकसंख्येची अट सरावात सोडून दिली तरी चालेल. नऊपैकी सात मतं, एवढंच ठेवा.

संसदेचा गट अजिबात वगळू नका, खरा पेच तिथेच होता. १६ जणांची वाटणी: सत्ताधारी हुजूर पक्ष ८, मजूर पक्ष ६, स्कॉटिश नॅशनल पक्ष १, उत्तर आयर्लंडचा डीयूपी (ब्रिटनशी जोडूनच राहायचं म्हणणारा पक्ष) १. डीयूपीला प्रमाणापेक्षा मोठी जागा मिळते, कारण १० खासदारांवर सरकार टिकून होतं. हुजूरच्या आठांपैकी तिघांना चिठ्ठी द्या: 'ब्रिटन संघाच्या नियमांत अडकत असेल तर विरोध.' १५ जानेवारी २०१९ ला हुजूर पक्षाच्याच ११८ खासदारांनी विरोधात मत दिलं आणि करार ४३२ विरुद्ध २०२ असा पडला. तुमच्या सोळांत हे प्रमाण ११ विरुद्ध ५ येतं.

वेलदोडा

तळटीप, एक जोड. कलम ५० ची मुदतवाढ विशेष बहुमताने (वरच्या ७२ आणि ६५ टक्क्यांच्या अटीने) मिळत नाही, त्याला सर्व देशांचं एकमत लागतं. नऊपैकी एकाचा जरी हात खाली राहिला तरी वाढ नाही, हा नियम फळ्यावर लिहा. उलट नोटीस मागे घेणं मात्र ब्रिटनला एकट्याने शक्य होतं. युरोपीय न्यायालयाने तसा निकाल १० डिसेंबर २०१८ ला दिला. ब्रिटनच्या गटाकडे हे पानही असू द्या. वापरण्याची हिंमत होते का ते बघा.

खाडीपलीकडे

प्रश्न २. कॅमेऱ्याचं उत्तर तीन पायऱ्यांनी खोडता येतं.

पहिली पायरी: कॅमेरा ट्रकची नंबरप्लेट वाचतो. आतल्या मालाचं मूळ कुठलं, शुल्क भरलंय का, मांसाची तपासणी झालीय का, हे त्याला दिसत नाही. शुल्काचे कागद आधी ऑनलाइन भरता येतात हे खरं. पण संघाबाहेरून येणारं मांस, दूध, अंडी, जिवंत जनावरं यांना सीमेवरच्या तपासणी नाक्यातून यावंच लागतं, तिथे पशुवैद्यक कागद आणि माल दोन्ही बघतो. आयर्लंड बेटावर दूध आणि मेंढ्या सीमेपलीकडे सतत ये-जा करतात, त्यामुळे ही बाब किरकोळ नाही.

दुसरी: सीमा सुमारे ५०० किलोमीटर लांब, रस्ते ओलांडण्याच्या जागा दोनशेहून जास्त. शेतं आणि काही ठिकाणी घरंसुद्धा रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली. तुरळक नाके ठेवले तर माल बाजूच्या रस्त्याने जाईल, सगळीकडे ठेवले तर ती जुनी लष्करी सीमाच परत आली.

तिसरी आणि निर्णायक: ८ डिसेंबर २०१७ च्या संयुक्त अहवालात ब्रिटनने स्वतः लिहून दिलं की सीमेवर कोणतंही भौतिक बांधकाम नसेल आणि संबंधित तपासण्याही नसतील. कॅमेऱ्याचा खांब हेही बांधकामच. उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर लष्करी चौक्या आणि मनोरे हटले आणि त्या शांततेवर माणसं जगतायत. तिथे सरकारी खांब उभा राहणं म्हणजे आधी त्याच्यावर आणि मग त्याची राखण करणाऱ्यावर हल्ल्याचा धोका. हे मुलांना गांभीर्याने सांगाच. वर्गात हा भाग नेहमी कागदी होऊन जातो.

आता कोडं मांडा. ब्रिटनच्या गटाला तीन वचनं द्या:
क) आयर्लंड बेटावर सीमा-तपासणी नाही.
ख) उत्तर आयर्लंड आणि उरलेलं ब्रिटन यांच्यामध्ये, म्हणजे समुद्रात, तपासणी नाही.
ग) ब्रिटन एकल बाजारपेठ आणि कस्टम्स युनियन (आत शुल्क नाही, बाहेरच्यांना एकच शुल्क) दोन्ही सोडणार.

यांतली कुठलीही दोन पाळता येतात, तिन्ही कधीच नाही. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी १७ जानेवारी २०१७ च्या भाषणात ग जाहीर केलं आणि डिसेंबरमध्ये क व ख लेखी दिली. इथून पुढची दोन वर्षं या गाठीत गेली. मे यांच्या नोव्हेंबर २०१८ च्या मसुद्यात बॅकस्टॉप होता: दुसरा तोडगा निघेपर्यंत सगळा ब्रिटन संघासोबत एकाच शुल्क-क्षेत्रात. म्हणजे ग ला मुरड, आणि एकतर्फी बाहेर पडायचा मार्ग नाही. त्यावरच संसद फिरली. त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी १७ ऑक्टोबर २०१९ च्या करारात ख सोडलं: उत्तर आयर्लंडमध्ये मालासाठी संघाचे नियम, तपासणी उत्तर आयर्लंडच्या बंदरांत. मग डीयूपी फिरला. ब्रिटन आणि संघ यांच्यातल्या २७ फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर चौकटीत हिरवी आणि लाल मार्गिका आली (उत्तर आयर्लंडमध्येच राहणारा माल आणि पुढे संघात जाऊ शकणारा माल), ती ख ची वेदना कमी करण्यासाठी. कोडं सुटलं असं नाही.

मुलांना 'कुठलं वचन मोडताय' हे सहीच्या आधी कागदावर लिहायला लावा. ते लिहिल्याशिवाय करार ग्राह्य नाही.

जकातनाका

प्रश्न ३ ला मोटारीचं गणित द्या. २०२० च्या करारात शून्य शुल्क आहे, पण फक्त 'मूळ' मालाला, म्हणजे पुरेसा ब्रिटन किंवा संघातच बनलेल्या मालाला. पेट्रोल-डिझेल मोटारीत ब्रिटन आणि संघ यांच्याबाहेरचे सुटे भाग कारखान्यातल्या किमतीच्या ४५ टक्क्यांपर्यंतच चालतात.

उदाहरण: मोटार ३०,००० युरोची. बाहेरच्या भागांची मर्यादा १३,५००. जपान आणि तुर्कस्तानचे भाग मिळून १५,००० झाले की मोटार 'मूळ' राहत नाही आणि १० टक्के शुल्क पडतं, म्हणजे सुमारे ३,००० युरो. जर्मन भाग मात्र ब्रिटनचेच धरले जातात, कारण दोघांचे भाग एकत्र मोजायची मुभा आहे. ब्रिटनने तिसऱ्या देशांचे भागही मोजू द्या अशी मागणी केली होती, संघाने नाकारली. विजेच्या मोटारींची बॅटरी महाग आणि बहुतेक आशियातून येणारी, म्हणून त्यांना ६० टक्क्यांची सैल मर्यादा दिली. ती २०२४ मध्ये आवळणार होती. डिसेंबर २०२३ मध्ये दोघांनी मिळून २०२६ अखेरपर्यंत तशीच ठेवली.

दुसरं उदाहरण आपल्याकडचं. नाशिकच्या द्राक्षांचा कंटेनर रॉटरडॅमला उतरला आणि तिथे शुल्क भरून मोकळा झाला. पूर्वी तोच माल कुठलाही कागद न करता ब्रिटनच्या दुकानात जायचा. आता रॉटरडॅमहून ब्रिटनला पाठवला तर मूळ भारताचं असल्यामुळे शून्य दराचा हक्क लागू होत नाही. ब्रिटनचं स्वतःचं शुल्कपत्रक आणि ब्रिटनचे कीटकनाशक-अंशाचे नियम लागतात. उपाय दोन: माल संघात मोकळा न करता टी-१ ट्रान्झिटखाली (शुल्क न भरता संघातून पार नेण्याची सोय) पुढे नेणं किंवा बॉन्डेड गोदामात (शुल्क न भरता माल ठेवायची जागा) ठेवणं. थेट ब्रिटनच्या बंदरात पाठवणं सगळ्यात स्वच्छ. हे फक्त कळत नाही म्हणून दुहेरी शुल्क भरणारे बरेच.

आणि तपासणीला माणसं लागतात हेही दाखवा. करार १ जानेवारी २०२१ पासून तात्पुरता लागू झाला, संघाने तपासणी त्याच दिवशी सुरू केली. ब्रिटनने आपल्या बाजूची पुनःपुन्हा पुढे ढकलली. संघाकडून येणाऱ्या प्राणिज आणि वनस्पतिज मालाची प्रत्यक्ष तपासणी ३० एप्रिल २०२४ ला सुरू झाली.

मांडवीकाठ

नागरिकांच्या हक्कांची चिठ्ठी करताना गोव्याचा मुद्दा घ्या. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग आहे. त्या पासपोर्टवर स्विंडन, साउथॉल, लेस्टर इथे बरीच गोंयकार कुटुंबं गेली. कायद्याच्या नजरेत ती युरोपीय नागरिक. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ब्रिटनमध्ये वास्तव्य असेल तर हक्क टिकतो, अर्जाची मुख्य मुदत ३० जून २०२१ होती. सलग ५ वर्षं पूर्ण असतील तर कायम दर्जा, कमी असतील तर तात्पुरता.

चिठ्ठीवर असं कुटुंब लिहा: आई ६ वर्षं तिथे, वडील ३ वर्षं, आजी अजून मडगावला. मग गटाला विचारा: आजीला कुठल्या अटीवर येता येईल, आणि वाद झाला तर न्यायालय कुणाचं? शेवटी यावर असं ठरलं की ब्रिटनची न्यायालयं निकाल देतील, पण ८ वर्षं युरोपीय न्यायालयाकडे प्रश्न पाठवू शकतील. मुलांना हा आकडा आधी सांगू नका.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. मांडवीकाठ, देव बरें करूं, ती चिठ्ठी जशीच्या तशी घेते. वचनं मोडण्याचा कागद तर नक्कीच.

दोन शंका उरल्या. देण्यांचा आकडा किती देऊ? आणि संसदेच्या गटाने सारखा नकारच दिला तर सराव संपवायचा कसा?

तळटीप

ताई, आकडा देऊच नका. आकडा दिला की मुलं मधोमध येऊन थांबतात. प्रत्यक्षात ठरली ती पद्धत: २०१४ ते २०२० च्या अंदाजपत्रकात २८ जणांनी मिळून जे कबूल केलं त्यातला ब्रिटनचा वाटा, कबूल केलेल्या पण अजून न दिलेल्या रकमा, संघाच्या कर्मचाऱ्यांची निवृत्तिवेतनं. रक्कम एकगठ्ठा नाही, देय होईल तेव्हा. ब्रिटिश सरकारचा अंदाज ३५ ते ३९ अब्ज पौंड होता, तो शेवटी सांगा. सरावात गटांनी फक्त यादी करायची: काय धरायचं, काय नाही.

शेवटाबद्दल: संसदेने नकार दिला म्हणून काही थांबत नाही. १२० वं मिनिट आलं की ब्रिटन करार नसतानाच बाहेर, हा मूळ नियम आहे, तो सुरुवातीलाच वाचून दाखवा. मुदतवाढ मागायची तर सदस्य देशांपुढे जाऊन 'कशासाठी' याचं उत्तर द्यायचं. नुसतं 'वेळ हवा' चालणार नाही. प्रत्यक्षात तीनदा वाढ मिळाली, शेवटची ३१ जानेवारी २०२० पर्यंत. तुम्ही १० मिनिटांच्या तीन वाढी ठेवा. तोच ठराव बदल न करता संसदेपुढे पुन्हा आणता येणार नाही, हा सभापतींचा १८ मार्च २०१९ चा निर्णयही लावा. म्हणजे प्रत्येक वाढीत ब्रिटनच्या गटाला मजकुरात काहीतरी बदलावंच लागेल, आणि बदललेला मजकूर परत नऊ देशांकडे.

वेलदोडा

आणि दुसरी वाढ देताना संसदेच्या गटाला वेगळ्या खोलीत बसवून पर्यायांवर मतदान घ्या: कस्टम्स युनियन, पुन्हा सार्वमत, करार नसताना बाहेर, नोटीस मागे. प्रत्येकावर स्वतंत्र हो किंवा नाही. २७ मार्च २०१९ ला आठ पर्याय ठेवले होते, आठही पडले. १ एप्रिलला चार ठेवले, तेही पडले. कस्टम्स युनियनचा पर्याय फक्त ३ मतांनी, २७६ विरुद्ध २७३. मतदान गुप्त नको, हात वर करून घ्या. कोण कशाला नाही म्हणतोय ते ब्रिटनच्या वाटाघाटीकारांना समोर दिसायला हवं, पुढचा मजकूर त्यांना त्यावरूनच लिहायचा आहे.