हेल्मेटमध्ये वारा आणि वास हरवतो, यावर काही उपाय आहे का?

माळव्यातला_बुलेटवाला (राजेंद्रनगर, इंदूर)

नमस्कार मंडळी. हेल्मेट घालावं की नाही, हे मला विचारायचं नाही. घालतोच आहे. २०२५च्या १ ऑगस्टपासून आपल्याकडे हेल्मेटशिवाय पेट्रोल मिळेना, तेव्हा पहिल्यांदा नीट पैसे खर्च करून फुल-फेस, म्हणजे हनुवटीपर्यंत सगळा चेहरा झाकणारं हेल्मेट घेतलं. त्याआधीचं टोपीसारखं होतं, आणि ते बहुतेक वेळा आरशालाच लटकलेलं असायचं.

नवं घेतल्यापासून गाडी चालवण्यातलं काहीतरी गेलंय. ते नेमकं काय, हे कळायला मला बरेच महिने लागले. वास गेलाय.

मी रोज पीथमपूरला कामाला जातो, पहिली पाळी. साडेपाचला घराबाहेर पडलो की कोपऱ्यावरच्या गाडीवर पोह्यांचं भगुणं वाफेवर चढलेलं असतं. हळद आणि बडीशेप यांचा तो वास नाकात गेला की दिवस सुरू झाला असं वाटायचं. राऊच्या पुढे शेतं लागली की ऋतू कळायचा. फाल्गुनात लसूण उपटून बांधावर वाळत घातलेला असतो, पावसाळ्यात काळी माती, थंडीत धुकं आणि शेकोटीचा धूर. शनिवारी घरचं सामान भरायला सियागंजात जातो. तिथे हिंग कुठे, मिरची कुठे, गूळ कुठे, हे मला डोळे बांधूनही सांगता आलं असतं. आता हेल्मेटच्या आत सगळीकडे एकच हवा.

दुसरी गोष्ट गालांची. महिन्यातून एकदा मी महू, जाम गेट, मंडलेश्वर करत महेश्वरला जातो, फक्त गाडी चालवण्यासाठी. जाम गेटच्या कमानीतून निघून घाट उतरायला लागलं की हवा थराथराने गरम होत जाते. एका वळणावर गार, पुढच्यावर कोमट, मग पुन्हा झाडीतून एक गार पट्टा. माळवा कुठे संपला आणि निमाड कुठे लागलं, हे माझ्या गालांना कळायचं. त्यासाठी पाटी वाचावी लागली नाही कधी.

आणि इंजिन! माझी बुलेट २०१४ची आहे. साठच्या वेगाला तिचा ठोका मला पोटात ऐकू यायचा. आता कानाशी नुसता सूं-सूं वारा.

डोकं फुटू नये एवढी अक्कल मला आहे. घरी चार वर्षांची मुलगी आहे. पण ज्यासाठी गाडी चालवतो तेच उरत नसेल, तर बसने का जाऊ नये, असाही विचार मनात येतो. तुम्ही काय करता? ओपन-फेस, म्हणजे हनुवटी उघडी राहणारं, घेऊ का? काच वर ठेवून चालवलं तर चालतं का? सगळ्यात जास्त हवा कशात मिळते?

---

सुदामानगरची_स्कूटर

दादा, ओपन-फेस नका घेऊ. माझ्या दिरांचं हेल्मेटचं दुकान आहे, मी तिथे हिशेब बघते आणि गर्दी असली की गिऱ्हाइकांना माप देते, म्हणून चार गोष्टी माहीत झाल्या आहेत.

आधी मला हे सांगा, हेल्मेट घेतल्यापासून आतलं अस्तर कधी धुतलंत का? नसेल, तर तुम्ही रोज घाम, केसांचं तेल आणि जुना धूर यांचाच वास घेताय. त्यात बिचाऱ्या पोह्यांचं काय चालणार? गालाच्या गाद्या बटणांवर असतात, ओढल्या की निघतात. कोमट पाण्यात लहान मुलांचा शाम्पू घालून हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. कवच पुसायला पेट्रोल, थिनर मुळीच वापरू नका, त्याने कवच आणि आतला थर्माकोल दोन्ही खराब होतात. मार शोषून घेतो तो हा थर्माकोलच. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसलं तरी बदलायचं.

मग फिटिंग बघा. हेल्मेट घालून, पट्टा लावून, हनुवटीपाशी धरून डावी-उजवीकडे फिरवा. गालांची कातडी बरोबर फिरली पाहिजे. हेल्मेट नुसतंच फिरलं तर ते सैल आहे, आणि मानेकडून वारा आत शिरून तो सूं-सूं आवाज वाढतो. लोक आमच्याकडे येतात आणि दाबतं म्हणून एक माप मोठं मागतात. मी देत नाही. नवी गादी थोडी दाबणारच, महिन्याभरात बसते.

हायवेला शंभरच्या आसपासच्या वेगात हेल्मेटमध्ये वाऱ्याचा आवाजच शंभर डेसिबलच्या घरात जातो, त्यात इंजिन काय ऐकू येणार? लांबच्या प्रवासाला फोमचे मऊ बोळे कानात घालून बघा. वाऱ्याची शीळ कापली जाते आणि ठोका उरतो, कारण तो सीटमधून आणि हँडलमधून अंगात येतच असतो. शहरात मात्र घालू नका.

काच शहरात, सावकाश जाताना, एक खाच वर ठेवा. मी ठेवते. पन्नासच्या वर गेलात की बंद. एक किडा डोळ्यात गेला की काय होतं, ते मी भंवरकुआंच्या सिग्नलला अनुभवलंय. हनुवटीसमोरची हवेची खिडकी उघडी आहे का, तेही बघा. निम्म्या लोकांना ती उघडते हेच ठाऊक नसतं. आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ (हेल्मेटच्या भारतीय मानकाचा क्रमांक) असं लिहिलेलं आहे ना, हेही पाहून घ्या. नुसता स्टिकर कुणीही चिकटवतो, पण त्याशिवायचं तर बघूच नका.

---

रामबागचा_वाचक

टी. ई. लॉरेन्स, ज्याला जग लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणतं, तो तुमच्याइतकाच मोटरसायकलचा वेडा होता. मे १९३५मध्ये सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना त्याची ब्रॉ सुपीरिअर उलटली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवसांनी गेला, वय ४६. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा सर्जन होता. तो हे विसरला नाही. मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांवर त्याने पुढे काम केलं, १९४१मध्ये निबंध छापला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं.

ऐकू येण्याबद्दल एक सांगतो. अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसच्या परिसरात ९०० मोटरसायकल अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपास केला. अहवाल १९८१चा. हेल्मेटमुळे रहदारीचे महत्त्वाचे आवाज ऐकू आले नाहीत किंवा बाजूचं दिसलं नाही, असं त्यांना आढळलं नाही. पोह्यांच्या वासाबद्दल त्यात काही नाही, त्यामुळे तुमचा प्रश्न मला खरोखर नवा वाटला.

---

राजदूत_७८

हा धागा मी दोन दिवस उघडून बंद करतोय. आज लिहितो.

मला वास येत नाही. जन्मापासून येत होता. २००९च्या डिसेंबरात गेला.

सकाळी दूध आणायला निघालो होतो, घरापासून दोन गल्ल्यांवर. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. वेग फार तर वीस-पंचवीस. कुणीतरी ओटा धुतला होता, ते पाणी रस्त्यावर आलेलं. पुढचं चाक सरकलं, मी उताणा पडलो आणि डोक्याची मागची बाजू ओट्याच्या कडेवर बसली. तीन टाके. शुद्ध गेली नाही, मी स्वतः गाडी उचलून घरी आणली. दूधही आणलं.

चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात फोडणी जळून काळी झाली. बायको अंगणातून धावत आली, आणि मी तिथेच, चुलीपासून चार हातांवर, पेपर वाचत बसलो होतो. धूर दिसला, पण वास नाही. तिने हिंगाची डबी माझ्या नाकाला लावली. काही नाही. मग कापूर. काही नाही.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी समजावलं ते असं. वासाच्या नसा अगदी बारीक, दोऱ्यासारख्या असतात. नाकाच्या वर चाळणीसारखं भोकं असलेलं एक हाड आहे, त्यातून त्या मेंदूत जातात. डोक्याला मागून मार बसला की मेंदू आत पुढे हिसकतो आणि हाडापाशी त्या नसा कापल्या जातात. बाहेरून टाके तीन, पण आत सगळे दोरे तुटलेले. पहिल्या वर्षभरात परत आला तर येईल, म्हणाले. आला नाही.

लोकांना वाटतं त्यात काय मोठं, डोळे तर गेले नाहीत. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू कळतं, बाकी सगळी चव नाकाचीच असते. चहा म्हणजे गरम गोड पाणी. हापूस नुसता गोड आणि मऊ. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत घरच्यांबरोबर जातो, भुट्ट्याचा कीस खातो, तिखट लागतं एवढंच. गॅस गळला तर कळणार नाही म्हणून मुलाने स्वयंपाकघरात अलार्म बसवलाय. दूध नासलं का, हे मला कुणालातरी विचारावं लागतं. २०१७ला नात झाली. तेल लावलेल्या टाळूचा वास घेत घरातले सगळे तिला उचलून फिरायचे. मीही नाक टेकवून बसायचो.

तुम्ही लिहिलंय की हेल्मेटने वास नेला. तुमचा वास अजून तुमच्या डोक्यात आहे, बाळा. काचेच्या पलीकडे आहे इतकंच. काच वर केली की येईल.

रागावून लिहीत नाहीये. लसूण, पोहे, सियागंजची गल्ली हे तुम्ही जसं लिहिलंत, तसं मला कितीतरी वर्षांत कुणी सांगितलं नाही. ज्यांना वास येतो ते सांगत नाहीत, त्यांना ते सांगण्यासारखं वाटत नाही. १९७८ला राजदूत मोटरसायकल घेतली तेव्हापासून मीही जाम गेटला जात असे. चैत्रात पहाटे तिथे मोहाची झाडं फुललेली असायची. अजून येतो का तो वास? आणि घाटात कुठल्या वळणापासून? जाल तेव्हा तेवढं बघून सांगाल का?

---

माळव्यातला_बुलेटवाला

काका, तुमचं वाचून मी त्या रात्री उत्तर लिहू शकलो नाही. माफ करा.

ताई, तुमचं सगळं केलं. गाद्या धुतल्या, पाणी चहासारखं निघालं. हेल्मेट सैल नव्हतं, पण हनुवटीची खिडकी घेतल्यापासून बंदच होती, ती उघडते हे मला ठाऊक नव्हतं. कानातल्या बोळ्यांचं तुम्ही म्हणालात तसंच झालं. ठोका परत आला.

पाडव्यानंतरच्या रविवारी निघालो, पहाटे पाचला. काका, तुमच्यासाठी वाटेत चार ठिकाणी थांबून फोनमध्ये लिहून ठेवलंय, तेच इथे उतरवतो.

राजेंद्रनगरात निघताना कडुनिंब. मोहोर आलाय. मधासारखा, पण मागे किंचित कडूपणा असलेला, आणि फक्त झाडाखालून जाताना. पुढे सरकलात की संपला. राऊला डिझेल आणि चहा. महूच्या छावणीत शिंपलेल्या गवताचा ओला वास, तिथे मी मुद्दाम तीसवर आलो. महू सुटल्यावर गव्हाची कापणी चाललेली, थ्रेशरचा भुसा हवेत. तो वास कोरडा आणि थोडा भाजल्यासारखा आहे, नाकात टोचतो. एका बांधावर लसणाचा ढीग होता. काच खाली होती, तरी तो आत आला.

जाम गेटला सहा वाजून गेले होते. गाडी बंद केली, हेल्मेट काढलं. कमानीपाशी वास दगडाचा, वटवाघळांचा आणि थंड धुळीचा. मोह नव्हता. मला वाईट वाटलं, वाटलं काकांना काय सांगू.

घाट उतरायला लागलो. वेग तीसच्या आत, काच पूर्ण वर. पहिल्या वळणावर नाही, दुसऱ्यावर साग, वाळलेल्या पानांचा, वहीच्या जुन्या कागदासारखा. तिसऱ्या वळणावर, जिथे उजवीकडे दरी उघडते, तिथे आला. थांबलो. रस्त्याच्या खालच्या अंगाला तीन झाडं होती, एक म्हातारी आणि दोन मुली टोपलीत फुलं वेचत होत्या. वास मनुकांसारखा गोड आणि जड आहे, ओल्या मनुका कापडात बांधून ठेवल्या तर येईल तसा, आणि त्यात किंचित आंबलेलं काहीतरी. वारा खालून वर येतो म्हणून तो वळणावर अडकून राहतो. त्याच्या पुढची दोन वळणं पुरला, मग गरम हवा लागली आणि गेला.

या रस्त्याने मी सहा वर्षं जातोय, हेल्मेटशिवाय गेलोय, साठ-सत्तरने गेलोय. डोळ्यांतून पाणी यायचं, वारा भरपूर लागायचा. मोह मला एकदाही आला नव्हता. गालांना वारा अजूनही तेवढा लागत नाही, ते गेलंय ते गेलंच आहे, त्यावर मला उपाय सापडला नाही.

महेश्वरला घाटावर ओला दगड, शेवाळ, झेंडू आणि नावेच्या इंजिनाचं डिझेल.

काका, मोह अजून दहा-बारा दिवस पडेल असं त्या आजी म्हणाल्या. माझ्या मागच्या सीटवर बसाल का? मी तिसऱ्या वळणाला थांबतो आणि तुम्ही म्हणाल तितका वेळ सांगत बसतो. घरात दुसरं फुल-फेस आहे, मध्यम मापाचं. तुमच्या डोक्याचा घेर कपाळावरून टेपने मोजून कळवा, बसत नसेल तर ताईंच्या दुकानातून आणतो.