शब्दचर्चा : ‘दुय्यम’, ‘मदतनीस’ आणि ‘ताणाचे संप्रेरक’

प्रश्न : सहकारी प्रजनन करणाऱ्या (म्हणजे गटाने मिळून पिल्ले वाढवणाऱ्या) पक्ष्यांवरच्या एका मजकुरात ‘दुय्यम पक्ष्यांत ताणाचे संप्रेरक जास्त असते’ असे वाक्य आहे. दुय्यम म्हणजेच मदतनीस का? आणि जास्त म्हणजे कशापेक्षा?

उत्तर : दुय्यम हा गटातला दर्जा, मदतनीस हे काम. दुसऱ्याच्या पिल्लांना भरवतो, घरटे राखतो तो मदतनीस. पण दुय्यम असून घरट्याकडे न फिरकणारेही असतात. आपल्या सातभाईंच्या थव्यातही (नावात नसल्या तरी बहिणी असतातच) दर्जा आणि काम या दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवाव्यात.

‘ताणाचे संप्रेरक’ हे नाव मला पटत नाही. पक्ष्यांत ते मुख्यतः कॉर्टिकोस्टेरॉन. त्याचे रोजचे काम रक्तातली साखर आणि ऊर्जा सांभाळणे. जाग येण्याच्या सुमारास ते चढते, पीसगळीच्या काळात बहुधा उतरते. सरळ कॉर्टिकोस्टेरॉन लिहावे.

पुरवणी : ‘जास्त’ लिहिताना कोणती पातळी तेही सांगायला हवे. मूळ पातळी म्हणजे पकडल्याचा ताण चढण्याआधीची. तिच्यासाठी पक्षी जाळ्यात आदळल्यापासून ३ मिनिटांच्या आत पंखाच्या शिरेतून रक्त घेतात. मग कापडी पिशवीत ठेवून ३० मिनिटांनी पुन्हा. ही धरपकडीनंतरची पातळी. नेहमीची चूक म्हणजे पक्षी हातात आल्यावर घड्याळ सुरू करणे. तोवर संप्रेरक चढू लागलेले असते आणि ‘मूळ’ हा शब्द खोटा पडतो. दोन्ही वेळचे मिळून काढलेले रक्त वजनाच्या १ टक्क्याच्या आत, म्हणजे ६० ग्रॅमच्या पक्ष्याचे जास्तीत जास्त ०.६ मिलिलिटर. नमुना बर्फावर ठेवून त्याच दिवशी रक्तद्रव वेगळा करून गोठवावा. विष्ठेत संप्रेरकाचे विघटित अंश मिळतात, पिसात ते पीस वाढत असतानाच्या काळातल्या संप्रेरकाची नोंद. त्यांचे आकडे रक्ताच्या आकड्यांशेजारी मांडू नयेत.

प्रतिप्रश्न : पण दबून राहणाऱ्याला ताण जास्त असणारच ना? म्हणूनच तो स्वतः वीण घालत नाही, असे वाचले होते.

उत्तर : तसा तर्क होता. फ्लोरिडा स्क्रब-जे या पक्ष्यात १९९१ साली तपासले, तेव्हा वीण घालणारे आणि मदतनीस यांच्या कॉर्टिकोस्टेरॉनमध्ये फरक निघाला नाही. केनियातल्या सुपर्ब स्टार्लिंगमध्ये मात्र विणीआधी पाऊस कमी झालेल्या वर्षी दुय्यम पक्ष्यांची मूळ पातळी चढलेली दिसली. काही जातींत तर वरचढ पक्ष्याचीच पातळी जास्त भरते. जागा टिकवायलाही मेहनत पडते. तेव्हा जात, हंगाम आणि पातळी न सांगता ते वाक्य छापू नये. स्टार्लिंगपुरते असे चालेल : ‘कमी पावसाच्या वर्षी दुय्यम सुपर्ब स्टार्लिंगमध्ये कॉर्टिकोस्टेरॉनची मूळ पातळी वाढलेली आढळली.’