बातमी गुपचूप बदलली किंवा उचलली, हे पुराव्यानिशी कसं दाखवायचं?

वाचक_वही:
न्यूज पोर्टलवरची बातमी सकाळी एक सांगते, दुपारी दुसरंच. खाली ना दुरुस्तीची ओळ, ना बदलाची वेळ. स्क्रीनशॉट पुढे केला की ‘हा एडिट केलेला आहे’ म्हणतात आणि विषय तिथंच मिटतो. यालाच लागून दुसरा प्रश्न: दोन पोर्टलांवर परिच्छेदच्या परिच्छेद सारखे असतील, तर कोणी कोणाचं उचललं हे कसं ठरवायचं? तारखा तर मागेपुढे करता येतात. शिवाय प्रत्येक बदल म्हणजे लबाडी असंही नाही. कोणता बदल न सांगता चालतो आणि कोणता नाही, ते डेस्कवर काम केलेल्यांनी सांगावं. ‘सगळा मीडिया विकला गेलाय’ छाप उत्तरं नकोत, ती पाठ झालीत.

जुळारी:
स्क्रीनशॉट हा पुरावा नाही, ती तुमची आठवण आहे. पुरावा तिसऱ्याच्या हातात हवा आणि वाद सुरू व्हायच्या आधीचा हवा.

बातमी खटकली की पहिलं काम म्हणजे वेबॅक मशीनच्या (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारा इंटरनेट आर्काइव्हचा संग्रह) ‘सेव्ह पेज नाऊ’ चौकटीत लिंक टाकणं. जी प्रत तयार होते तिच्या पत्त्यात १४ आकडे असतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. ही वेळ यूटीसी असते, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, स्थानिक नव्हे. इथंच बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो आणि ‘तुमची प्रत तर बातमी येण्याआधीची दिसते’ असं ऐकून घ्यावं लागतं.

बदल झाल्यावर पुन्हा एक प्रत काढा. मग त्याच पानाच्या ‘चेंजेस’ विभागात दोन वेळा निवडा: गेलेला मजकूर पिवळ्यात दिसतो, आलेला निळ्यात. तक्रार करताना दोन्ही प्रतींच्या लिंक द्या, चित्र नको.

अडचणीही आहेत. संग्रहित पानातला मजकूर एका वेळेचा आणि फोटो दुसऱ्याच वेळेचा असू शकतो, कारण पानाचे तुकडे वेगवेगळे साठवले जातात. ‘अबाउट धिस कॅप्चर’ उघडलं की कोणता तुकडा केव्हाचा ते कळतं. त्यामुळे ‘फोटो बदलला’ असा आरोप करण्याआधी ते बघाच. पेवॉल (पैसे भरल्याशिवाय वाचू न देणारा अडसर) किंवा कुकीची पाटी आडवी आली तर प्रतीत नुसती पाटीच येते. सेव्ह झाल्यावर प्रत उघडून शेवटच्या परिच्छेदापर्यंत खाली जाऊन या. काही साइट संग्रहाला दारच बंद करतात. तिथं आर्काइव्ह डॉट टुडेसारखी दुसरी सेवा वापरून बघता येते, तीही प्रत्येक वेळी चालेलच असं नाही.

गुगलच्या कॅशवर (गुगलनं साठवलेल्या पानाच्या प्रतीवर) विसंबू नका, ती सोय २०२४ मध्ये बंद झाली. सर्चमध्ये दिसणारा मथळाही पुरावा नाही. तो कित्येकदा गुगल स्वतःच जुळवतं.

रात्रपाळी_डेस्क:
रेघ कुठं, ते सांगतो. ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेला काना, दोनदा पडलेला शब्द, म्हणजे मुद्राराक्षसाचे विनोद, हे न सांगता दुरुस्त करावेत. त्याची टीप लावणं म्हणजे वाचकाचा वेळ घेणं. घडत असलेल्या घटनेत आकडा वाढतो, नवी माहिती येते. तिथं ‘अद्ययावत’ आणि वेळ पुरते. पण नाव, आकडा, तारीख, पद, कोण काय म्हणालं, कोणावर कोणता आरोप आहे, यातलं काहीही चुकलं असेल तर टीप हवीच. मृतांचा आकडा १२ वरून १५ झाला हे अद्ययावत. आधीपासून १२ असताना आपण २१ लिहिलं ही चूक. डेस्कवर दोन्हींना ‘अपडेट’ म्हणायची सवय लागते आणि लपवाछपवी तिथूनच सुरू होते.

वादाचा प्रकार तिसरा आहे: तथ्य एकही चुकलेलं नाही, पण सूर फिरवला. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं अमेरिकी सिनेटर बर्नी सँडर्स यांच्या संसदीय कामावरची बातमी टाकली. काही तासांत मथळ्यातल्या विजयांना ‘माफक’ हे विशेषण चिकटलं आणि मजकुरात साशंक परिच्छेद आले. टीप नाही, कारण ‘चूक’ नव्हती. त्याच दैनिकाच्या तेव्हाच्या पब्लिक एडिटर (वाचकांच्या वतीनं दैनिकाच्याच कामाची तपासणी करणाऱ्या) मार्गारेट सलिव्हन यांनी यावर टीका केली. वाचकांना फरक दाखवता आला तो न्यूजडिफ्समुळे. २०१२ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प मोजक्या मोठ्या साइटवरच्या बातम्यांच्या आवृत्त्या साठवून शेजारी शेजारी मांडत असे. माझं मत: वाचून झालेल्या माणसाचा निष्कर्ष बदलेल एवढा बदल असेल, तर तथ्यं जागच्या जागी असली तरी सांगायला हवं.

टीप लिहायची कशी? ‘बातमीत सुधारणा केली आहे’ हे वाक्य निरुपयोगी आहे. आधी काय छापलं होतं, बरोबर काय आहे, केव्हा बदललं, या तीन गोष्टी हव्यात. अपवाद बदनामीकारक मजकुराचा: तिथं चुकीचं विधान पुन्हा छापू नये, फक्त कोणत्या मुद्द्याबद्दल होतं ते सांगावं. चूक मथळ्यात किंवा इंट्रोत (बातमीच्या पहिल्या परिच्छेदात) असेल तर टीप वर, नाहीतर तळाशी चालते. आणि बातमी मागे घ्यायची असेल तर त्याच लिंकवर कारणासह दोन ओळी ठेवा. कोरं ‘पान सापडलं नाही’ दिसलं की लोक वाटेल ते तर्क करतात.

शाई_आणि_कोड:
जुळारींच्या उत्तरात भर. जुनी प्रत कोणीच काढली नसेल तरी पानाच्या पोटात खुणा राहतात.

ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स (पानामागचा कोड) उघडा आणि ‘डेटपब्लिश्ड’ (प्रसिद्धीची वेळ) व ‘डेटमॉडिफाइड’ (शेवटच्या बदलाची वेळ) शोधा. वाचकाला कित्येकदा फक्त पहिली वेळ दिसते, दुसरी आतच राहते. लिंकमधल्या शब्दांकडेही बघा: मथळा बदलला तरी पत्ता सहसा तोच ठेवतात, म्हणून मूळ मथळा तिथं अडकून राहतो. व्हॉट्सअॅपवर आधी गेलेल्या लिंकच्या चौकटीतही जुनाच मथळा असतो. आरएसएस रीडरमध्ये (साइटच्या नव्या बातम्या आपोआप गोळा करणाऱ्या अॅपमध्ये) बहुधा पहिलीच आवृत्ती सापडते.

साइट वर्डप्रेसवर (साइट चालवण्याची एक प्रणाली) असेल आणि तिचा रेस्ट एपीआय, म्हणजे साइटवरच्या नोंदी थेट वाचायचा मार्ग, उघडा असेल, तर त्या पोस्टच्या नोंदीत प्रसिद्धीची आणि बदलाची वेळ जीएमटीत मिळते. शिवाय ‘व्हर्जन-हिस्टरी’खाली आवृत्त्यांची संख्याही दिसते. त्या आवृत्त्यांचा मजकूर मात्र लॉगिनशिवाय दिसत नाही.

आता यात फसगत कुठं होते ते. ‘डेटमॉडिफाइड’ नुसता टॅग जोडला तरी पुढे सरकते. बदल झाला एवढंच ती सांगते, काय बदललं ते नाही. आवृत्त्यांच्या संख्येत प्रसिद्धीआधीचे कच्चे खर्डेही मोजलेले असतात, म्हणून ‘१४ वेळा बदलली’ असं लिहून मोकळे होऊ नका. एकाच वेळी दोघांना दोन मथळे दिसले तर तो बदल नसून मथळ्यांची चाचणी असू शकते. खासगी विंडोत तीन-चारदा उघडून बघा.

हॅशबद्दल कोणी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो: फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, बोटांच्या ठशासारखा सांकेतिक आकडा) काढला तर फाइल त्यानंतर बदलली नाही एवढंच सिद्ध होतं. ती खरी होती का, केव्हाची होती, हे नाही. हॅश लगेच सार्वजनिक ठिकाणी टाकला तर निदान वेळेचा प्रश्न सुटतो.

नियमित पाळत ठेवायची तर पान बदलल्याची सूचना देणारं साधन वापरा, पण पूर्ण पान लावू नका. जाहिराती आणि ‘हेही वाचा’ दर मिनिटाला बदलतात आणि खोट्या सूचनांचा पाऊस पडतो. सिलेक्टर (पानाचा नेमका कोणता भाग बघायचा ते सांगणारी खूण) देऊन फक्त मथळा आणि मजकुराचा भाग लावा. पहिले सहा तास दर १५ मिनिटांनी, पुढे दिवसातून एकदा, एवढं पुष्कळ झालं.

वाचक_वही:
पहिला अर्धा प्रश्न सुटला. उचलेगिरीचं काय? विशेषतः इंग्रजीतून मराठीत आणलेली असेल तेव्हा?

भाषांतर_टेबल:
आधी एक शक्यता बाद करा. दोन्ही पोर्टलांनी एकाच वृत्तसंस्थेची कॉपी किंवा एकच प्रसिद्धिपत्रक वापरलं असेल तर मजकूर सारखाच येणार, त्यात चोरी काही नाही. म्हणून तक्ता तीन रकान्यांचा करा: एक मजकूर, दुसरा मजकूर, आणि दोघांचा संभाव्य सामाईक उगम. हा तिसरा रकाना न भरता केलेले आरोप पहिल्याच उत्तरात आपटतात.

एकाच भाषेतली चोरी सोपी. इंट्रो सोडा, तो सगळेच हलवतात. मधल्या परिच्छेदातली सात-आठ शब्दांची, विशेषनाम नसलेली सलग ओळ अवतरणचिन्हांत घालून शोधा. असे तीन-चार तुकडे जुळले तर योगायोग म्हणणं अवघड होतं. अवतरणं मोजू नका, ती सारखीच असणार.

पहिलं कोण, हे तारखेवरून नव्हे तर चुकांवरून ठरवा. बरोबर माहिती दोघांना स्वतंत्रपणे मिळू शकते, पण आडनावाचं तेच चुकीचं स्पेलिंग किंवा तीच चुकलेली बेरीज दोघांना स्वतंत्रपणे सुचत नाही. मूळ पोर्टलनं चूक दुरुस्त केली आणि दुसऱ्याकडे ती तशीच राहिली, तर उचलण्याची वेळही साधारण कळते. इथं जुळारींच्या प्रती पुन्हा कामाला येतात.

भाषांतरात शब्द जुळत नाहीत, सांगाडा जुळतो. परिच्छेदांचा क्रम, लांबलचक मुलाखतीतून निवडलेली नेमकी तीच तीन वाक्यं, तीही त्याच जागी तोडलेली. बिलियनचे कोटी करताना एक शून्य कमी पडलेलं (१ बिलियन म्हणजे १०० कोटी). फूट आणि मैल न बदलता तसेच राहिलेले. दुसऱ्या टाइम झोनमधला ‘मंगळवार’ आपल्याकडे बुधवार उजाडला असताना जसाच्या तसा आलेला. आणि ‘आमच्याशी बोलताना सांगितलं’ हे वाक्य भाषांतरात टिकलं असेल, तर तुम्हाला आणखी कष्ट नकोत.

एका तुकड्यावर थांबू नका. त्याच बायलाइनचे (लेखकाच्या नावाचे) आधीचे लेख तपासा. ही सवय सहसा एका लेखापुरती नसते. २००३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं आपलेच बातमीदार जेसन ब्लेअर यांच्या आधीच्या काही महिन्यांतल्या ७३ बातम्या तपासल्या, तेव्हा किमान ३६ मध्ये गडबड निघाली. २०१४ मध्ये बझफीड या पोर्टलनं आपलेच लेखक बेनी जॉन्सन यांच्या ५०० पोस्ट चाळल्या आणि ४१ ठिकाणी उचललेली वाक्यं वा वाक्यांश सापडल्याचं जाहीर केलं.

रात्रपाळी_डेस्क:
कायद्याची धमकी देण्याआधी एक लक्षात घ्या. दिवसाच्या बातम्या आणि नुसती तथ्यं यांना संरक्षण नाही, हे बर्न कराराच्या (कॉपीराइटवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) कलम २(८) मध्येच आहे. संरक्षण शब्दरचनेला आहे. तुमची खास बातमी कोणी स्वतःच्या शब्दांत, श्रेय न देता लिहिली तर तो नीतीचा प्रश्न; वाक्यं उचलली तर कायद्याचाही.

आणि मेल थेट संपादकांना, विषयात बातमीचा मथळा, मजकुरात दोन संग्रहित लिंक आणि बदललेली वाक्यं समोरासमोर. विशेषणं शून्य. पोर्टलचं दुरुस्ती-धोरण प्रसिद्ध असेल तर त्यातलं लागू पडणारं वाक्य सोबत जोडा. हे पोर्टल आयएफसीएनच्या (इंटरनॅशनल फॅक्ट-चेकिंग नेटवर्क या संस्थेच्या) आचारसंहितेवर सही केलेलं फॅक्टचेक चालवत असेल तर तेही नमूद करा. उघड आणि प्रामाणिक दुरुस्त्या ही त्या संहितेतली एक अट आहे. मेल पाठवायच्या आधी तुमच्या दोन्ही प्रती खासगी विंडोत उघडतात ना, ते बघून घ्या.