कॉइलओव्हर बसवल्यापासून गाडी मागून आपटते, किती क्लिक ठेवू? (बडोदा)

तिसरा_गिअर:
मंडळी लवकर सांगा, शनिवारी आईबाबांना घेऊन नाशिकला जायचंय आणि ही गाडी अशी नेता येणार नाही. दोन आठवड्यांपूर्वी ॲडजस्टेबल कॉइलओव्हर (हाइट आणि कडकपणा बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे सेट) बसवले, ३२ क्लिकवाले, म्हणजे शॉकअपचा कडकपणा ३२ टप्प्यांत बदलतो. तेव्हापासून मागे कोणी बसलं की प्रत्येक बंपवर धाडकन आवाज, आणि पुढे डावीकडे टक-टक. सगळ्या क्लिक फिरवून बघितल्या, पूर्ण सॉफ्ट, मधे, पूर्ण हार्ड, काडीचा फरक नाही. ज्याने बसवले तो म्हणतो हजार किलोमीटर चालवा, सेट होईल. किती क्लिक ठेवू तेवढं सांगा.

मांजलपूरकर:
गाडी कुठली ते तरी लिहा! किती खाली घेतली? टायरची साइझ? हवा किती?

कमाटीबाग:
माझ्या स्विफ्टला मागे पूर्ण सॉफ्ट आणि पुढे १२ क्लिक ठेवल्यात, चार वर्षं मस्त चालतेय. मागे सॉफ्ट करा, विषय संपला.

हुकपाना:
कमाटीबाग, त्यांनी सॉफ्ट करून बघितलंय, नीट वाचा. आणि आपटत असेल तर सॉफ्ट केल्याने उलट जास्त आपटेल. शॉकअप तळाला जाऊन बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, बसत असेल तर क्लिक कुठेही ठेवा, रबरावरच आदळणार. क्लिकने फरक पडत नाही हीच मोठी खूण आहे.

विश्वामित्री:
आधी इन्शुरन्सचं बघा. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ मधे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमधे बदल करायला मनाई आहे, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मधे तेच सांगितलंय. क्लेमच्या वेळी सर्व्हेअरने खाली वाकून बघितलं तर काय सांगाल?

तिसरा_गिअर:
पोलो जीटी टीएसआय, २०१५. टायर १८५/६० आर १५, हवा ३३. चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंत आधी ३८ सेमी होतं, आता चारही बाजूंना साडेतेहतीस. दिसते फार भारी. इन्शुरन्सचं नंतर बघतो, आत्ता आवाज घालवा.

मांजलपूरकर:
म्हणजे ४५ मिमी खाली! आणि वर मागे आईबाबा आणि बॅगा. मी सांगतो, हे सगळं काढून बिलस्टीनचे बी-६ टाका, हाइट कंपनीचीच ठेवा. मी तेच केलं, वाघोडिया रोडच्या खड्ड्यांतूनही कोणाची कंबर दुखत नाही.

हुकपाना:
त्यांनी पैसे घातलेत, शनिवार तोंडावर आलाय, आता नवीन सेट कुठून आणणार? आहे तोच नीट लावू या. तिसरा_गिअर, दोन गोष्टी करून बघा.

एक, मागच्या शॉकअपच्या चकाकणाऱ्या दांड्याला प्लास्टिकचा टाय बांधा आणि तो सरकवत खाली शॉकअपच्याच बॉडीला टेकवा. मागे दोघांना बसवून एक चक्कर मारा. टाय बंप स्टॉपपर्यंत वर गेला असेल तर शॉकअपचा प्रवास (दांड्याला आत जायची जागा) संपतोय, दुसरं काही नाही.

दोन, पुढची बाजू जॅकवर उचला, चाक लटकू दे, आणि स्प्रिंग हाताने फिरवून बघा. फिरली तर सीटवरून (स्प्रिंग ज्या फिरत्या चकतीवर बसते ती) सुटतेय, टक-टक तिथलीच असू शकते. बरेच गॅरेजवाले गाडी खाली घ्यायला स्प्रिंगची सीटच खाली फिरवतात. तुमच्या सेटला खालचा ब्रॅकेट वेगळा फिरत असेल तर हाइट त्याने घ्यायची असते, म्हणजे शॉकअपचा प्रवास शाबूत राहतो.

रावपुरा_टू_राजमहल:
नाशिकला सापुताऱ्यावरून जाणार की पेठवरून? पाऊस असेल तर सापुताऱ्याचा घाट आईबाबांबरोबर नको, धुक्यात पुढचं दिसत नाही. आणि निघायच्या आधी सेव उसळ खाऊनच निघा.

कमाटीबाग:
हुकपाना, उगाच घाबरवताय. एवढी खाली घेतलेली कितीतरी पोरं एक्सप्रेसवेवर रोज पळवतात.

हुकपाना:
एकटी पळवतात. एक्सप्रेसवे सपाट आहे. यांना तीन माणसं, बॅगा आणि घाट आहे. मागे बाबांची पाठ बंप स्टॉपवर आपटणार, ती तुमची नाही.

तिसरा_गिअर:
केलं! दोन्ही शॉकअपचे टाय पार बंप स्टॉपच्या आत रुतलेत, एक तर तुटला. आणि पुढची डावी स्प्रिंग खरंच बोटाने फिरली, उजवी नाही. बाबा शेजारी उभे होते, म्हणाले "हे बघायला दोन आठवडे लागले?" आता काय?

हुकपाना:
डावी सीट वर फिरवून स्प्रिंगला टेकवा, वर आणखी दोन-तीन मिमी, आणि उजवीची जागा पट्टीने मोजून तेवढीच ठेवा. मग हाइट खालच्या ब्रॅकेटने घ्या, पण शॉकअप ब्रॅकेटमधून फार वर काढू नका, आत पुरेसे आटे राहिले पाहिजेत. मागे तुमच्या गाडीत स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे आहेत, तिथे ॲडजस्टरने हाइट वाढवा. स्प्रिंग चाकापेक्षा पुढे बसते म्हणून फेंडर ॲडजस्टरपेक्षा जरा जास्तच उचलतं, दर वेळी फेंडरलाच मोजा. साधारण ३६ सेमीवर आणा. लॉक रिंग हुक पान्याने घट्ट. मग अलाइनमेंट करा, हाइट बदलली की टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) बदलतो, नाहीतर टायर आतून खाऊन जातील. क्लिक सगळ्यात शेवटी: पूर्ण बंद करून तिथून मोजा, दोन्ही बाजू सारख्या, मधून सुरुवात करा.

मांजलपूरकर:
३६ चालेल. मी तरी ३७ ठेवली असती.

तिसरा_गिअर:
काल संध्याकाळी चार तास गॅरेजमधे उभा राहिलो. ३६ वर आणलं, अलाइनमेंट केली, मधून सुरुवात करून पुढे दोन क्लिक सॉफ्ट केल्या. आईबाबांना मागे बसवून हालोलपर्यंत गेलो, एकदाही धाडकन नाही, आई येताना झोपली. फक्त वळताना डावीकडे अजून एखादी टक येते, पण आता हलकी.

हुकपाना:
लिंक रॉड (अँटी-रोल बारला सस्पेन्शनशी जोडणारा छोटा दांडा) असेल. आणि लोअर आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर असतानाच टाईट केले असतील तर ते ढिले करून गाडी चाकांवर उभी असताना टाईट करा, नाहीतर बुश (सांध्यातलं रबर) पिळलेला राहतो. शनिवारच्या आधी करून घ्या.

तिसरा_गिअर:
आत्ताच निघतो.