शब्दचर्चा: ‘फेडरल ओव्हररीच’ मराठीत कसं आणावं?
(लिहिणाऱ्यांची नावं ही टोपणनावं आहेत.)

मसुदा:
इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी मंडळाच्या अंकासाठी मेडिकेअरच्या वादावरचा एक लेख मराठीत करतोय. त्यात एकच आरोप सारखा येतो: ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्यसेवा (मेडिकेअर ती हीच) म्हणजे ‘फेडरल ओव्हररीच’, केंद्र सरकारने आपली हद्द ओलांडणं. पहिल्या खर्ड्यात ‘संघीय अतिक्रमण’ लिहिलं. बायकोने वाचून विचारलं, “टपऱ्या उचलायला महापालिकेची गाडी येणार आहे का?” दुसरं काही सुचवा.

तळटीप:
वहिनींचं बरोबर आहे. अतिक्रमण कोशात कितीही रुंद असो, रोजच्या बोलण्यात ते फुटपाथवर येऊन बसलंय. ‘संघीय’ही नको. ‘संघाचे अतिक्रमण’ असा मथळा दिलात तर महाराष्ट्रातला वाचक वॉशिंग्टनला न जाता थेट नागपूरला पोहोचेल. ‘केंद्र सरकार’ म्हणा, सगळ्यांना कळतं. ओव्हररीचसाठी ‘ढवळाढवळ’. वक्ता चिडलेला असेल तर ‘लुडबूड’. राज्यांची तक्रार सांगायची असेल तर ‘राज्यांच्या अधिकारांवर गदा’ हा आपल्याकडचा तयार शब्दप्रयोग आहे.

वकिली चष्मा:
‘केंद्र’ जरूर वापरा, पण एक तळटीप टाका (तळटीपरावांची परवानगी घेऊन). आपल्या राज्यघटनेत कुठल्याच सूचीत न बसणारे विषय, म्हणजे शेषाधिकार, अनुच्छेद 248 प्रमाणे संसदेकडे जातात. अमेरिकेत नेमकं उलट. तिथल्या घटनेच्या दहाव्या दुरुस्तीनुसार (1791) जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात. त्यामुळे ‘केंद्राने मर्यादा ओलांडली’ हे वाक्य आपण वाचतो तेव्हा एखाद्या मंत्र्याचा आगाऊपणा डोळ्यासमोर येतो. तिकडचा टीकाकार मूळ प्रश्न विचारत असतो: हा अधिकार तुम्हाला दिला कोणी?

दुसरं म्हणजे, भाषणातला शब्द आणि निकालपत्रातला शब्द वेगळा ठेवा. कोर्टाच्या संदर्भात ‘अधिकारकक्षेचे उल्लंघन’. सभेतल्या आरोपाला ‘ढवळाढवळ’ पुरे. सगळीकडे भारदस्त शब्द घातलात तर आरोप सिद्ध झालाय असं वाटतं. मेडिकेअरबाबत तसं काही झालेलं नाही. केंद्राने वृद्धापकाळाच्या लाभांवर पैसा खर्च करणं घटनेत बसतं, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1937 सालीच सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे केंद्राच्या पेन्शन योजनेच्या खटल्यात (हेल्व्हरिंग विरुद्ध डेव्हिस) मान्य केलं. मेडिकेअर त्याच कायद्यात पुढे जोडलं गेलं.

मसुदा:
पण लेखकाने 2012 च्या निकालाचा दाखला दिलाय. न्यायालयाने केंद्राला रोखलं, असं म्हणतो.

वकिली चष्मा:
रोखलं, पण मेडिकेडच्या बाबतीत. मेडिकेअर मुख्यतः 65 च्या वरच्यांसाठी, आणि ते सर्वस्वी केंद्राचं. मेडिकेड गरिबांसाठी, आणि ते केंद्र व राज्यांच्या भागीदारीतलं. ओबामांच्या 2010 च्या कायद्यात राज्यांना बजावलं होतं की मेडिकेडची व्याप्ती वाढवा, नाहीतर आत्ता मिळतोय तोही निधी थांबू शकतो. सात विरुद्ध दोन अशा बहुमताने न्यायालय म्हणालं, ही जबरदस्ती झाली. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ‘डोक्याला बंदूक’ अशीच उपमा वापरली होती. मराठीत ‘मानेवर सुरी’ म्हणा. तुमच्या लेखकाने मेडिकेडचा निकाल मेडिकेअरच्या खात्यात टाकलाय. तिथे शब्द बदलून भागणार नाही, संपादकांना कळवा.

न्यूजर्सीकर:
मला ओव्हररीचपेक्षा ‘सरकारी आरोग्यसेवा’ खटकलं. मराठीत हे म्हटलं की ससून, केईएम, केसपेपरची रांग, सरकारी पगारावरचे डॉक्टर हे सगळं डोळ्यापुढे येतं. मेडिकेअर तसं नाही. रुग्णालय आपापलं, डॉक्टर आपापला, बिल सरकार भरतं. महाराष्ट्रातल्या वाचकाला महात्मा फुले जनआरोग्य योजनेची आठवण करून द्या, म्हणजे खाजगी रुग्णालयात सरकारी पैशाने उपचार कसे होतात ते लगेच कळेल. तेव्हा ‘सरकारी आरोग्यविमा’ लिहा. त्यातही आता निम्म्याहून जास्त लोक मेडिकेअर अॅडव्हान्टेजमध्ये, म्हणजे सरकारी पैशावर खाजगी कंपनीने चालवलेल्या योजनेत आहेत. ‘सरकारने सगळं ताब्यात घेतलं’ हे वाक्य त्यांच्यापुढे जरा लंगडतं.

आणि हो, आमच्या घरात ‘आईला मेडिकेअर लागलं’ असं म्हणतात, पेन्शन लागते तसं. ते लागेपर्यंतची कहाणी मोठी आहे. ग्रीन कार्डावर आलेल्या आईवडिलांनी इथे नोकरी केलेली नसते, त्यामुळे आधी सलग पाच वर्षं वास्तव्य, आणि नंतरही मेडिकेअरच्या रुग्णालयखर्चाच्या भागासाठी पूर्ण हप्ता, दरमहा पाचशे डॉलरच्या वर. मंडळात ओव्हररीचवर तावातावाने बोलणारे काका याच हप्त्याबद्दल बोलायला लागले की सूर बदलतो: सरकारने आणखी थोडं करायला हवं!

आडवळण:
काकांना नावं ठेवू नका, परंपरा जुनी आहे. 2009 साली साउथ कॅरोलायनातल्या एका सभेत कोणीतरी खासदाराला सुनावलं होतं की सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावायचा नाही. तेव्हा देशभर हशा झाला. मला त्यात निव्वळ अडाणीपणा दिसत नाही. त्या माणसाच्या पगारातून वर्षानुवर्षं मेडिकेअरचा कर कापला गेला, मालकानेही तेवढाच भरला. त्याच्या लेखी ते सरकारचं नाहीच, त्याचं स्वतःचं आहे.

तळटीप:
अर्धं खरं. पगारातली ती कपात रुग्णालयाच्या भागासाठी, म्हणजे पार्ट एसाठी. डॉक्टरांच्या भागात, पार्ट बीमध्ये, साधारण पाव खर्च हप्त्यांतून निघतो आणि बाकीचा मुख्यतः सर्वसाधारण करांतून येतो. म्हणूनच ‘एन्टायटलमेंट’ला, म्हणजे कायद्याने मिळणाऱ्या अशा सरकारी लाभाला, शब्द सापडत नाही. समर्थकाच्या तोंडी ‘हक्काचं’, विरोधकाच्या तोंडी ‘आयतं’. ‘हक्क’ एवढंच लिहिलंत तर विरोधकाच्या आवाजातला तिरकेपणा निघून जातो. ‘रेवडी’ मात्र घालू नका, ती दिल्लीची आहे.

आडवळण:
लेखात ‘सोशलाइज्ड मेडिसिन’ असणारच. ‘समाजवादी औषध’ करू नका, मी छापलेलं पाहिलंय! ‘वैद्यकाचं सरकारीकरण’ बरं. मूळ शब्द भीती घालण्यासाठीच वापरात होता. 1961 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रोनाल्ड रेगन यांच्या आवाजात एक तबकडी काढली. डॉक्टरांच्या बायका शेजारणींना कॉफीला बोलवायच्या, तबकडी लावायच्या आणि मग सगळ्याजणी मिळून काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांना पत्रं लिहायच्या. मोहिमेचं नावच ‘ऑपरेशन कॉफी कप’. हळदीकुंकवाला प्रचार करतात तसंच.

ही भीती इतकी मुरलेली होती की 1965 च्या कायद्यात मेडिकेअरच्या प्रकरणाची सुरुवातच नकाराने होते. कलम 1801: या प्रकरणातल्या कशाचाही अर्थ वैद्यकीय व्यवसायावर देखरेख वा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार केंद्राच्या अधिकाऱ्याला मिळतो, असा लावायचा नाही. ढवळाढवळ करणार नाही, हे आधी लिहून दिलं आणि मग योजना सांगितली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी 30 जुलै 1965 रोजी मिझुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी, माजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या शेजारी बसून सही केली. पहिलं कार्ड ट्रुमन यांनाच दिलं, कारण राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव 1945 साली मांडून त्यांनी डॉक्टरांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

पण पैशामागून अट येतेच. 1964 च्या नागरी हक्क कायद्याप्रमाणे केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थेला वंशभेद करता येत नाही. दक्षिणेतल्या रुग्णालयांत तेव्हा काळ्यांचे वॉर्ड वेगळे, दारं वेगळी. मेडिकेअर 1 जुलै 1966 ला सुरू होणार होतं आणि पैसा तर हवा होता. काही महिन्यांत हजाराहून जास्त रुग्णालयांनी भेद बंद केला. गोऱ्या राज्यकर्त्यांनी याला राज्यांच्या अधिकारांवर घाला म्हटलं. काळ्या म्हाताऱ्यांना पुढच्या दाराने आत जाता आलं. म्हणून तळटीप यांच्या ‘राज्यांच्या अधिकारांवर गदा’ला माझा थोडा आक्षेप आहे. महाराष्ट्रात तो शब्दप्रयोग जीएसटीच्या थकबाकीपुरता निरुपद्रवी आहे. अमेरिकेत ‘राज्यांचे अधिकार’ म्हटलं की बऱ्याच लोकांना ते वेगळे वॉर्ड आठवतात.

तळटीप:
मान्य. मग वक्ता कोण आणि वर्ष कोणतं ते बघून वापरा.

वकिली चष्मा:
आजचा वाद बहुतेक औषधांच्या किमतींवर असतो. 2022 च्या कायद्याने मेडिकेअरला औषधकंपन्यांशी भाव ठरवायची मुभा दिली, पहिल्या दहा औषधांचे नवे भाव 2026 पासून लागू. कंपन्यांचं म्हणणं, याला वाटाघाट म्हणायचं नाही, ही सक्ती आहे. तिथे ‘घासाघीस’ लिहू नका. घासाघिशीत गिऱ्हाइकाला उठून जाता येतं आणि दुकानदारालाही. नाही म्हणणाऱ्या कंपनीवर इथे जबर कर बसतो, नाहीतर मेडिकेअर आणि मेडिकेड दोन्हींतून आपली सगळी औषधं काढून घ्यावी लागतात. ‘दरनिश्चिती’ ठेवा.

मसुदा:
आभार सगळ्यांचे. आता असं केलंय: ‘ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा ही केंद्राची नसती ढवळाढवळ आहे, असे टीकाकार म्हणतात.’ निकालाच्या परिच्छेदात ‘अधिकारकक्षेचे उल्लंघन’, आणि तिथे मेडिकेअर खोडून मेडिकेड. संपादकांना मेल गेलीय.

न्यूजर्सीकर:
‘नसती’ तुमची की लेखकाची?

मसुदा:
लेखकाची. मूळ वाक्यात ‘अननेसेसरी’ आहे. माझ्या आईचं मेडिकेअर पुढच्या वर्षी लागायचंय, मी कशाला नसती म्हणू!